सात जणांची मोटार आणि दोन नातवंडे

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील वस्तू व सेवा कराचे दर बदलले आणि मध्यमवर्गीय घरांत पुन्हा एकदा कागद-पेन्सिल बाहेर निघाली. लहान मोटारींवर १८ टक्के, मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि उपकर रद्द, असा हा वरकरणी सोपा हिशोब. मात्र हा हिशोब मांडणाऱ्यांत एक गिऱ्हाईक असे आहे की, ज्याची नीटशी ओळख ना कारखानदारांना पटली आहे, ना अर्थखात्याला. साठी ओलांडलेले, भविष्यनिर्वाह निधीची वा ग्रॅच्युइटीची रक्कम गाठीशी असलेले, आणि घरातील तरुण जोडपे नोकरीला जात असल्यामुळे नातवंडांची ने-आण अंगावर घेतलेले आजी-आजोबा हे ते गिऱ्हाईक होय. ‘सगळे मावतील अशी गाडी घेऊ,’ असा घरात ठराव होतो आणि सात आसनी मोटारींची माहितीपत्रके टेबलावर पसरली जातात.

मावणे या क्रियापदाचा अर्थ मात्र कोणीच तपासून पाहत नाही. एस.टी.च्या गाडीत माणसे मावतात, लग्नाच्या वऱ्हाडाच्या जीपमध्येही मावतात. त्या अर्थाने दोन मुले कोठेही मावतील. परंतु मूल मोटारीत सुरक्षित न्यायचे, म्हणजे त्याच्या वयाला व वजनाला साजेशा कार सीटमध्ये बांधून न्यायचे, असे एकदा ठरले की मापाचे एकक बदलते. माणसांची डोकी मोजून भागत नाही. सीट पक्की बसेल अशा जागा किती, त्या जागांपर्यंत पोचायचे कसे, आणि पोचणाऱ्याचे गुडघे किती वर्षांचे आहेत, हे मोजावे लागते.

या गरजेचे मूळ नोकरीच्या बाजारात आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. तथापि या देशातील बहुसंख्य आस्थापना पन्नासच्या आतल्याच. कायद्याने जे काम मालकावर टाकले, त्याचा फार मोठा हिस्सा व्यवहारात आजी-आजोबांनी उचलला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात या श्रमाला रकाना नाही. ही मोटार म्हणजे त्या बिनपगारी श्रमाचे अवजार आहे, चैनीची वस्तू नव्हे. आणि अवजार निवडताना ते कोणाच्या हातात राहणार हा प्रश्न पहिला विचारायचा असतो.

कार सीटचे नाव काढताच घरात पहिला आक्षेप येतो तो मांडीचा. आजीच्या मांडीसारखी सुरक्षित जागा नाही, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची. घरात ती खरी आहे, धावत्या मोटारीत ती टिकत नाही. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. त्या वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे वीसपट जोराने पुढे झेपावते. दहा किलोंचे नातवंड त्या क्षणी दोन क्विंटलांचे होते. दोन पोती धान्य हातांनी रोखून धरणारी आजी कोठे सापडेल? अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा हिशोब असा आहे की, योग्य सीटमुळे मोटारीतील एक वर्षाच्या आतील बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. उद्योगपती सायरस मिस्त्री त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात अपघाती मरण पावले, ते मागच्या आसनावर बेल्टाविना बसले होते. मागे बसणाऱ्याला बेल्ट कशाला, ही चर्चा त्यानंतर काही आठवडे चालली आणि मग विरली.

कायदा या बाबतीत मागे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टने वा बालसुरक्षा सीटने बांधलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड त्यात सांगितला आहे. दंड झाल्याची उदाहरणे मात्र शोधावी लागतात. चौकातल्या पोलिसाला मांडीवरचे मूल दिसते, तेव्हा तोही बहुधा हसून हात हलवतो.

आता दुकानात उभ्या असलेल्या त्या सात आसनी गाडीकडे वळावे. कार सीट बसवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, गाडीच्या बेल्टाने ती आवळून बांधणे. दुसरा, आसनाच्या बेचक्यात दिलेल्या पोलादी कड्यांत ती अडकवणे. या कड्यांच्या पद्धतीला आयसोफिक्स म्हणतात. बेल्टाने बांधलेली सीटही चांगली असते, पण ती घट्ट बांधण्याला ताकद व चिकाटी लागते, आणि सकाळी पावणेनऊला, बालवाडीची घंटा व्हायच्या बेतात असताना, या दोन्ही गोष्टींचा तुटवडा असतो. म्हणून कड्या महत्त्वाच्या. आपल्याकडील बहुतेक सात आसनी मोटारींत या कड्या मधल्या रांगेच्या दोन कडेच्या जागांवरच असतात. म्हणजे माहितीपत्रकात जागा सात, पण कडी असलेल्या जागा दोन. पाच आसनी साध्या मोटारीतही त्या दोनच असतात!

गंमत येथे संपत नाही. तिसऱ्या रांगेत जायचे तर मधले आसन दुमडून पुढे लोटावे लागते. त्यावर कार सीट अडकवलेली असेल तर ते दुमडता येत नाही. दोन्ही कडांना दोन नातवंडांच्या सीटा बसल्या की तिसऱ्या रांगेची वाटच बंद. मधल्या रांगेत एकसंध बाकाऐवजी दोन स्वतंत्र खुर्च्या असतील, तर त्यांमधील फटीतून मागे जाता येते खरे, परंतु तेथून वाकून, अंग चोरून मागे जाणारी व्यक्ती दहा वर्षांची असावी लागते, सत्तरीची नव्हे. दोन सीटांच्या मधोमध आजींनी बसावे म्हटले, तर उरलेल्या जागेत त्यांची पर्स तेवढी बसते. शेवटी आजी पुढे बसतात, मागची रांग रिकामी धावते आणि सात जणांच्या गाडीतून चौघे जातात.

तिसरी रांग उभी ठेवली म्हणजे सामानाची जागाही आक्रसते. मारुतीच्या अर्टिगात ती २०९ लिटर उरते. चार मीटरांच्या आत सात आसने बसवणाऱ्या रेनॉच्या ट्रायबरमध्ये अवघी ८४ लिटर. बाबागाडी घडी करूनही त्यात जाणार नाही. ट्रायबरचे तिसऱ्या रांगेचे आसन काढून घरी ठेवता येते, मग हीच जागा ६२५ लिटर होते, ही सोय मात्र नातवंडे वाहणाऱ्यांच्या खऱ्या उपयोगाची. तान्ह्या बाळाची सीट उलट्या तोंडाची असते, पाठ गाडीच्या पुढच्या दिशेला. युरोपातील नव्या नियमाने पंधरा महिन्यांपर्यंत ती तशीच ठेवावी लागते. ती लांबीने जागा खाते आणि पुढच्या आसनाला पुढे रेटते. आजोबा उंच असतील तर त्यांचे गुडघे डॅशबोर्डाला टेकतात. ही सीट पुढे, चालकाशेजारी ठेवू म्हणावे, तर त्या जागेची एअरबॅग चालू असताना तेथे उलटी सीट ठेवणे म्हणजे प्राणाशी गाठ.

आणि दारे! मोटारीच्या परीक्षणात घोड्यांची शक्ती, वेग, पडद्याची इंचांतील रुंदी यांची रकानेच्या रकाने वर्णने येतात. दार किती उघडते यावर ओळही नसते. मूल सीटमध्ये बसवायचे म्हणजे बारा किलोंचे वजन दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून, अंग वळवून आत शिरायचे, आणि तेथे अंधारात दोन जिभा एका कुलपात टिचकन बसवायच्या. संधिवाताच्या बोटांना ते लाल बटन दाबणे ही दररोजची चार वेळची परीक्षा आहे. त्यात गाडी सोसायटीच्या दोन खांबांमध्ये उभी. दार अर्धेच उघडणार. आसन फार खाली असेल तर कंबर जाते, फार वर असेल तर खांदा. हल्ली उंच गाड्यांचे जे वेड पसरले आहे, त्यात चढताना आजींना दरवाजाच्या वरची मूठ धरावी लागते. मग मूल कोणत्या हाताने धरायचे?

यावरचा उपाय जुना आहे आणि तो भारतातच होता. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, तीच पुढे ओमनी झाली. तिची दारे सरकती होती आणि खांब कितीही जवळ असला तरी ती पूर्ण उघडत. अमेरिकेत क्रायस्लरने याच सुमारास कुटुंबासाठी ठेंगणी, सपाट तळाची, सरकत्या दाराची व्हॅन बाजारात आणली आणि तेथील मध्यमवर्गाने ती उचलून धरली. आपल्याकडे ओमनीचे नशीब निराळे निघाले. भाजीवाल्याची, शाळेच्या रिक्षेची बहीण, चित्रपटांतील अपहरणाची गाडी, अशी तिची प्रतिमा झाली. अपघातात पुढे बसणाऱ्याच्या पायांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही नसे, हेही तितकेच खरे. २०१९ मध्ये ती बंद झाली. आज सरकते दार हवे असेल तर मारुतीची ईको आहे. २०१६ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तिच्या तेव्हाच्या आवृत्तीला एकही तारा मिळाला नव्हता. एअरबॅगा पुढे आल्या. त्यानंतर थेट किया कार्निव्हल, किंमत साठ लाखांच्या आसपास. म्हणजे सरकते दार मालवाहू धंद्याला आणि धनिकाला मिळते. मधल्या सगळ्या वर्गाला ते कोणत्याही किमतीत मिळत नाही. बाजार मागणीप्रमाणे पुरवठा करतो, असे विद्यार्थ्यांना शिकवले जाते. पण मागणी नोंदवतो तो पैसे मोजणारा, आणि घरोघर तो मुलगा असतो. दाराशी झगडणारी आजी शोरूममध्ये सोफ्यावर सरबत पीत बसलेली असते.

बाजाराला या वळणावर आणण्यात सरकारचाही वाटा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले आणि लहान मोटारीची व्याख्या ठरली: लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत. त्या रेषेने पुढील वीस वर्षांतील भारतीय मोटारीचा आकार कापून काढला. २०१२ मध्ये स्विफ्ट डिझायरची शेपटी छाटून ती ३,९९५ मिलिमीटरांवर आणली गेली, ती रस्त्याच्या सोयीसाठी नव्हे. नव्या दरांतही तीच रेषा कायम आहे. रेषेच्या आतल्या ट्रायबरवर १८ टक्के, तिच्याहून लांब आणि थोड्या मोठ्या इंजिनाच्या अर्टिगावर ४० टक्के. कारखान्यातून आठ लाखांना निघणारी गाडी धरली तर एकीवर १ लाख ४४ हजार, दुसरीवर ३ लाख २० हजार कर. जेमतेम हातभर लांबीसाठी पावणेदोन लाखांचा फरक. दाटीच्या शहरांत लांब गाडीने जास्त कर द्यावा, यात तत्त्वतः गैर नाही. रस्ता सर्वांचा आहे. परंतु दोन उद्योगपतींची आलिशान गाडी आणि तीन नातवंडांची ने-आण करणारी व्हॅन एकाच टक्क्यात बसवणारी मोजपट्टी आखूड आहे. बाळाच्या सीटच्या तीन पक्क्या जागा व सरकती दारे असलेल्या गाडीला मधला दर दिला, तर महसूल बुडणार नाही. कारण अशा गाड्या आज विकल्याच जात नाहीत.

खरेदीदाराचा हिशोब मात्र अर्थखात्यावर थांबून राहू शकत नाही. नातवंडे दोन असतील आणि रोजची फेरी चौघांची असेल, तर रुंद दाराची, मध्यम उंचीची पाच आसनी गाडी पुरते. सात आसने घेण्याचे खरे कारण बहुधा वर्षातून तीनदा निघणारी कुलदैवताची वा कोकणची सहल असते. त्यासाठी पाच लाख अधिक मोजले असे समजू. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला पस्तीस हजार, आणि दहा वर्षांत निम्मी किंमत उडाली तर आणखी पंचवीस हजार. साठ हजारांत भाड्याची मोठी गाडी बरेच दिवस दारात उभी राहते. नातवंडे तीन असतील, किंवा मुलगी-जावईही रोज बरोबर असतील, तर हे गणित उलटते. तेव्हा मोठी गाडी घ्यावी, पण मधल्या रांगेत बाक की खुर्च्या हे घरची सीट आत ठेवून पाहिल्यावरच ठरवावे. विक्रेते याला नकार देत नाहीत, त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली आहे. ती ऐच्छिक आहे आणि तिच्यात मोठ्यांसाठी व मुलांसाठी वेगवेगळे तारे दिले जातात. जाहिरातीत दिसतात ते बहुतेक वेळा मोठ्यांचे. मुलांच्या ४९ गुणांपैकी १२ गुण सीटा गाडीत नीट बसतात की नाही याचे असतात. अठरा महिन्यांच्या व तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे सीटमध्ये बांधून गाडी आदळवली जाते. मांडीवर बसवून नव्हे. म्हणजे पाच ताऱ्यांची गाडी घेऊन मूल मांडीवर घेणाऱ्याने त्या ताऱ्यांचे पैसे भरले, तारे मात्र शोरूममध्येच ठेवले. अहवाल सर्वांना वाचायला खुले आहेत. कोणत्या जागेवर कोणती सीट बसली, हे त्यात लिहिलेले असते, आणि शनिवारी दुपारी शोरूममध्ये जाण्यापूर्वी आजोबांनी चष्मा लावून ते पान वाचावे, आजींना बरोबर न्यावे, आणि घरची सीट डिकीत घालून न्यावी.