ट्रॅक्टर सुरू होत नाही : आधी तपासणी, मग मिस्त्री

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा यावा, बियाणे बांधावर येऊन पडावे आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर सुरू होऊ नये, हा प्रसंग पुष्कळ शेतकऱ्यांवर येतो. तालुक्याचा मिस्त्री त्या दिवसांत दहा ठिकाणी अडकलेला असतो. त्याची वाट पाहण्यात दोन दिवस जातात. वाफसा मात्र कोणासाठी थांबत नाही. वस्तुतः अशा वेळी बिघाड अनेकदा क्षुल्लक असतो व क्रमाने शोधल्यास शेतकऱ्यास स्वतः दूर करता येतो. म्हणूनच ही तपासणी शिकविणे हे बियाणे व खते यांच्या प्रचाराइतकेच विस्तारकार्याचे अंग मानले पाहिजे.

बैल अडला तर जाणता शेतकरी आधी त्याचा खूर, खांदा व तोंड पाहतो. लगेच आसूड उगारीत नाही. यंत्रापुढे मात्र हा विवेक सुटतो आणि बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला जातो. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये व दोन प्रयत्नांत मिनिटभर थांबावे.

प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये आहे काय, क्लच पूर्ण दाबला आहे काय, इंजिन बंद करण्याचा दांडा ओढलेला तर राहिला नाही ना, टाकीत डिझेल असून कॉक उघडा आहे ना, हे पाहावे. त्यानंतर दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टोके सैल अथवा गंजलेली आहेत, असे समजावे. टोकांवरील पांढरा-हिरवा थर काढून ती घट्ट करावीत. दिवे प्रखर राहूनही स्टार्टर फिरत नसेल तर दोष स्विच, तारा किंवा स्टार्टर यांत शोधावा.

स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी धुराड्याकडे पाहावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. धूर मुळीच नसेल तर डिझेल पोचत नाही, असे बहुधा समजावे. फिल्टरच्या तळाचे पाणी व गाळ काढावा. टाकी कोरडी पडली असेल किंवा फिल्टर बदलला असेल तर नळीत हवा शिरते. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा व बुडबुडे थांबताच स्क्रू आवळावा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते, पण नीट जळत नाही. थंडी, डिझेलमधील पाणी किंवा कमी झालेला दाब ही त्याची कारणे होत. याउपर इंजेक्शन पंप व नोझल यांना हात न लावता मिस्त्रीस बोलवावे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या नव्या ट्रॅक्टरांत इंधनाचा दाब फार मोठा असतो. त्यांच्या नळ्या कदापि सोडू नयेत.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगणे आवश्यक आहे. जमिनीवर उभे राहून स्टार्टरची टोके पान्याने जोडण्याची, म्हणजे 'डायरेक्ट' करण्याची, चाल घातक आहे. त्यामुळे न्यूट्रलची सुरक्षा टळते आणि गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर उभ्या माणसाच्या अंगावरून जातो. एका पेरणीची घाई माणसाच्या जिवापेक्षा मोठी नाही.

केंद्र सरकारने मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षणाचे केंद्र काढले, ते यंत्राबरोबर ज्ञानही गेले पाहिजे हे ओळखूनच. परंतु प्रत्येक शेतकरी तेथवर जाऊ शकत नाही. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वैशाखातच, मिस्त्रीस सवड असताना, गावातील एका ट्रॅक्टरवर हे प्रात्यक्षिक घडवून आणावे. प्रत्यक्ष ट्रॅक्टर चालविणारी तरुण मुले व सालदार यांना त्यात अगत्याने बोलवावे. रोज काम संपताच टाकी भरून ठेवली तर रात्री आत दव धरत नाही, एवढी एक सवय जडली तरी पेरणीच्या दिवसाची पुष्कळशी अडचण टळेल.