पातळ फोन की मोठी बॅटरी? यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी काय महत्त्वाचं?

कापूस-सोयाबीनच्या यवतमाळ जिल्ह्यात स्मार्टफोन आता शेतीचंही अवजार झाला आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः ॲपवर पिकाची नोंद करतो. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठीही ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली.

मग फोन कसा हवा?

पीक पाहणीचा फोटो शेतातूनच घ्यावा लागतो आणि जीपीएस जागा टिपतं. त्यामुळे उन्हात दिसणारा स्क्रीन आणि टिकणारी बॅटरी हवी. अडचण अशी की स्क्रीन उजळ केला की बॅटरी लवकर उतरते आणि बॅटरी वाढवली की फोन सहसा जाड, जड होतो.

२०२५ मधलेच दोन फोन पाहा. आयफोन एअर फक्त ५.६ मिलिमीटर जाडीचा, २०२५ मध्ये बाजारात आला तेव्हा किंमत १,१९,९०० रुपयांपासून होती. विवो टी-४ मध्ये ७,३०० एमएएच बॅटरी, बाजारात आला तेव्हा किंमत २१,९९९ रुपयांपासून होती. शेतातल्या कामाला दुसराच सोयीचा. पिकाच्या फोटोला जास्त मेगापिक्सेलही लागत नाहीत.

प्रश्न फक्त खरेदीचा नाही

अनेकांकडे याहून स्वस्त आणि जुना फोन असतो. स्टोरेज भरलं किंवा अँड्रॉइड जुनं झालं, की ॲप अडतं. सातबाऱ्यावर पिकाची नोंद राहिली, तर नुकसानभरपाई आणि हमीभावाच्या विक्रीत अडचण येते. म्हणून तडजोड फोन कंपनीनेच नव्हे, ॲप बनवणाऱ्यांनीही करायला हवी: ॲप हलकं आणि जुन्या फोनवरही चालणारं हवं.