काडतूस भरण्याचे यंत्र : घेण्याआधी चार गोष्टी ध्यानात घ्या

तूर शेंगेवर आली, हरभरा उगवला की आपल्या नाचणगाव-पुलगाव पट्ट्यात रानडुकरं आणि रोह्यांचा त्रास सुरू होतो. रात्रभर जागलीवर बसूनही सकाळी अर्धं वावर उकरलेलं दिसतं. मग पारावर बंदुकीचा विषय निघतो, आणि बंदुकीवरून काडतुसाचा. काडतूस महाग, दुकान दूर. अशा वेळी कोणीतरी सांगतं की परदेशात लोक घरच्या घरी काडतूस भरतात, त्याचं छोटं यंत्र मिळतं, त्यातलं कोणतं बरं? या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो.

आधी यंत्र काय आहे ते पाहा. एकदा उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी त्यात दाबून मूळ मापात आणतात, जुनी टोपी काढून नवी बसवतात, मोजून दारू भरतात आणि वर गोळी बसवतात. काही यंत्रांत एका दांड्याला एकच काम होतं, काहींत चार-पाच कामं ओळीनं होतात. अमेरिकेत नेमबाज आणि शिकारी ते वापरतात, कारण तिथला कायदा वेगळा आहे. शिवाय पिस्तूल-रायफलीच्या काडतुसाचं यंत्र वेगळं आणि छऱ्यांच्या बारा बोअर काडतुसाचं वेगळं. आपल्याकडे पीक संरक्षणासाठी असते ती ठासणीची बंदूक, फार तर बारा बोअर. ठासणीच्या बंदुकीला तर काडतूसच लागत नाही. म्हणजे पिस्तूल-रायफलीचं यंत्र शेतकऱ्याच्या कामाचंच नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तीत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे, हे पक्कं समजा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. चार पोती तुरीसाठी ही जोखीम कोण घेईल?

तिसरी गोष्ट जिवाची. दारू मापापेक्षा जास्त पडली, किंवा एकाच पुंगळीत दोनदा पडली, तर नळी फुटते आणि बार मारणाऱ्याचाच हात, डोळा जातो. दारूगोळा म्हणजे काय, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. त्यात अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मिळून पंधराहून अधिक जण गेले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, सहा जणांचा जीव गेला. त्यात मजुरीसाठी गेलेली आपल्याच भागातली माणसं होती. जिथं शिकलेली माणसं आणि कडक शिस्त आहे तिथं असं घडतं, तर घरच्या ओसरीत, चुलीपासून दहा हातांवर काय होईल?

म्हणून भंगारात पितळेची पुंगळी, टोपी किंवा कसलाही लोखंडी गोळा सापडला तर घरी आणू नका, ठोकून पाहू नका. पोलीस पाटलांना कळवा. पोलीस पाटील, सरपंच आणि शाळेतल्या गुरुजींनी हे पोरासोरांपर्यंत पोचवलं पाहिजे.

चौथी गोष्ट, मग पीक वाचवायचं कसं? याच कायद्याच्या कलम १३ मध्ये खऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मिळू शकते. अर्जासोबत सातबारा आणि झालेल्या नुकसानीचे पंचनामे जोडा. मात्र परवाना असला तरी डुकरावर, रोह्यावर थेट बार मारता येत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. नुकसान झालं की दिवस न घालवता वन खात्याकडे लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. गावानं मिळून सौर कुंपणाचा प्रस्ताव द्यावा, एकट्याच्या कुंपणानं डुकरं फक्त शेजाऱ्याच्या वावरात जातात. आणि कुंपणात घरच्या विजेचा प्रवाह सोडू नका. त्यात डुकराआधी माणूस मरतो.

आता दोन शब्द शासनाला. काडतूस घरी भरण्याचा विचार शेतकऱ्याच्या डोक्यात हौसेनं येत नाही. बारा बोअरची काडतुसं आपल्याच राज्यात, पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनतात, पण खेड्यातल्या परवानाधारकाला ती सहज मिळत नाहीत. परवान्याच्या फायली टेबलावर पडून राहतात. निवडणूक आली की बंदुका जमा होतात. २०१९ ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबरात झाली, २०२४ ची नोव्हेंबरात, म्हणजे ऐन पिकाच्या राखणीच्या दिवसांत. बंदुका सरसकट जमा करू नयेत, छाननी करून पीक संरक्षणाचे परवाने शक्य तिथं सोडावेत. हंगामाआधी फायली निकाली काढाव्यात आणि काडतूस तालुक्याच्या ठिकाणी मिळावं. एवढं झालं तर यंत्राचं नाव कोणी काढणार नाही.

तेव्हा कोणतं यंत्र घ्यावं, याचं उत्तर एकच : कोणतंच नाही. तो पैसा कुंपणाला लावा, आणि येत्या ग्रामसभेत बंदुकीच्या परवान्याचा व सौर कुंपणाचा ठराव घ्या. ठराव कागदावर आला म्हणजे साहेबाला उत्तर द्यावंच लागतं.