चाकूची परीक्षा, कोयत्याची चौकशी

स्वस्तातला आउटडोअर चाकू कसा तपासायचा, याचा एक विधी आता ठरून गेलाय. आधी कागद कापून दाखवायचा. मग एका काठीवरून पातळ पातळ ढलप्या सोलत तिचा पिसारा करायचा. मग पातं ओंडक्यावर ठेवायचं आणि त्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडानं ठोकत ओंडका उभा चिरायचा. याला बॅटनिंग म्हणतात. शेवटी फेरो रॉडवर पात्याची पाठ घासून ठिणगी पाडायची, जाळ करायचा, वर कॉफी ठेवायची. जाळ पेटला की चाकू पास. सातशे रुपयांत पैसा वसूल, लिंक खाली दिली आहे.

माझं म्हणणं असं की हा विधी आपल्याकडे काहीही तपासत नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी हवामानातला प्रश्न तो सोडवतो आणि आपण टाळ्या वाजवतो. एवढंच असतं तर सोडून दिलं असतं, ज्याचा त्याचा छंद. पण या विधीमुळे आपल्या डोक्यात एक वर्गवारी पक्की होत चालली आहे: कुठलं लोखंड म्हणजे ‘गिअर’ आणि कुठलं म्हणजे नुसतं हत्यार.

गेल्या डिसेंबरात पुण्याच्या ऑफिसातले तिघं मित्र आमच्या गावी, सेलू तालुक्यातल्या वालूरला आले होते. आमची चक्राकार बारव बघायला हल्ली लांबून लोक येतात, तसेच हेही. रात्री शेतात कॅम्पफायर करायचं ठरलं. परभणीकडचा डिसेंबर ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. कृषी विद्यापीठातला पारा उतरला की दरवर्षी बातमी होते. एकानं बॅगेतून नवा कोरा चाकू काढला. चार इंची पातं, प्लास्टिकची मूठ, प्लास्टिकचं म्यान, कार्बन स्टील असल्याचा दावा. आणि विधी सुरू झाला.

आमचे काका बाजूला बसून बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. “काडीपेटी हाय की रे बाबा,” म्हणाले.

आता बॅटनिंग मुळात का करतात? उत्तर युरोपातल्या जंगलात लाकूड बाहेरून कायम ओलं असतं, कोरडा भाग आत असतो. तिथवर पोचायला ओंडका चिरावा लागतो. कुऱ्हाड नसेल तर चाकूनं. पिसाराही त्याचसाठी, कारण पेट घेईल असं कोरडं बारीक सरपण तिथं सहज मिळत नाही. आणि आमच्या शेतात? पाऊस जाऊन दोन महिने झालेले. बांधावर गेल्या वर्षीच्या तुराट्या, पऱ्हाटीचा ढीग, गोठ्यामागं गोवऱ्या. एका काडीत भडका. काडेपेटी चौदा वर्षं एक रुपयाला होती, डिसेंबर 2021 पासून दोन रुपयांना झाली. म्हणजे आपल्याकडे जाळ करण्याचा सगळा प्रश्न दोन रुपयांत मिटतो, आणि त्यावर सातशे रुपयांचं उत्तर शोधायचं काम चालू आहे.

तरी चाकूला त्याचं श्रेय देतो. तुराटी त्यानं सुरेख सोलली. कांदा बारीक चिरला, दोरी एका झटक्यात तोडली. मग बाभळीवर आला. ज्या लाकडाची बैलगाडीची चाकं होत आली, त्यात पातं अर्ध्यावर अडकलं, आणि ठोकून ठोकून काढल्यावर धार एका जागी मुडपलेली निघाली. यात चाकूचा काही दोष नाही. चार इंचांच्या पात्याला बाभूळ फोडायला लावणं हाच अडाणीपणा आहे. त्या कामाला कुऱ्हाड असते आणि ती दहा पावलांवर गोठ्यात होती.

आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात. ठरवलेला डेटा, ठरवलेली पाच मिनिटं, सगळं हिरवं. सॉफ्टवेअर कसं आहे ते प्रॉडक्शनमध्ये कळतं, रात्री अडीच वाजता. विळ्याचं प्रॉडक्शन म्हणजे ऑक्टोबरातलं सोयाबीन. वाळून तारेसारखी झालेली ताटं, बोटांत घुसणाऱ्या शेंगा, वाकलेल्या बायकांची रांग. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, मूठभर धरायचं आणि ओढायचं. मूठ ओल्या हातात फिरते का, धार दुपारपर्यंत टिकते का, मनगट भरून येतं का. हे कुठल्याच व्हिडिओत येत नाही, कारण ते करणारी बाई व्हिडिओ काढत नाही.

तो विळा किंवा कोयता येतो कुठून? पुष्कळदा घिसाड्याकडून. सरकारी यादीत भटक्या जमातींमध्ये नोंद असलेला हा समाज. आठवडी बाजाराच्या कडेला पाल, भाता, ऐरण. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण मारते. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून पातं निघतं. हे भंगार म्हणून नाक मुरडू नका. कमानपाट्याचं पोलाद म्हणजे साधारण अर्धा टक्क्याच्या वर कार्बन आणि जोडीला सिलिकॉन-मँगनीज, वर्षानुवर्षं दणके खाऊन न मोडण्यासाठीच बनवलेलं. ते तापवून, ठोकून, धारेला पाणी द्यायचं. कितपत तापलं हे रंगावरून ओळखायचं, थर्मामीटर नाही. सगळी पाती सारखी उतरत नाहीत, हेही खरं. एखादं जास्त कडक होऊन खांडतं, एखादं मऊ राहतं. पण मग ते घेऊन माणूस पुढच्या बाजारी तिथंच जातो आणि पाजवून आणतो. त्या चाकूची मुडपलेली धार दगडावर घासून निघेलही. पण मूठ हलली तर? प्लास्टिकची मूठ भट्टीजवळ नेता येत नाही, आणि ज्या कंपनीनं केली तिला तुमच्याशी देणंघेणं नाही.

गंमत म्हणजे जगातले सगळ्यात नावाजलेले स्वस्त आउटडोअर चाकू मुळात असेच गावाकडचे आहेत. स्वीडनमधल्या मोरा गावाच्या परिसरातला चाकू हा सुतारांचा, कोळ्यांचा, लाकूडतोड्यांचा. तिथल्या कारखान्याची सुरुवात 1891 ची. फ्रान्सच्या साव्हुआ डोंगराळ भागातला ओपिनेल 1890 चा, शेतकऱ्यांच्या खिशातला. त्या लोकांनी आपल्या कामगाराच्या हत्याराला नाव दिलं, मापं आणि नंबर दिले, आणि जगाला विकलं. आपण ते हौसेनं विकत घेतो. घिसाड्याच्या विळ्यासाठी मात्र दीडशेचे शंभर कर म्हणून घासाघीस करतो.

आता वर्गवारीचं सांगतो. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात ‘कोयता गँग’ गाजत होती, तेव्हा कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगितल्याच्या बातम्या आल्या. गुन्हे खरे होते, दहशत खरी होती, त्याबद्दल वाद नाही. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांवर बंधन आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे शेतातला कोयता कायद्याला कळतो. बसस्टँडवर नजर फिरवणाऱ्याला कळतो का? कमरेला म्यान लावलेला ट्रेकर आणि गोणपाटात कोयता गुंडाळून हडपसरला उतरलेला पोरगा, यांपैकी कोणाला बाजूला घेतलं जाईल, यावर पैज लावायला मी तयार आहे.

म्हणून कोयत्याला दिवाणखान्यात टांगा असंही मला म्हणायचं नाही. ‘हेरिटेज कोयता’, सागाच्या खोक्यात, साडेतीन हजार; तेही कुणीतरी करेलच. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’. उचल त्या हिशेबानं. आमच्याकडे माणूसच हत्याराच्या नावानं मोजला जातो, तिथं हत्याराचं कौतुक करताना जीभ जरा जड व्हायला हवी.

रिव्ह्यू करणाऱ्यांना माझं सरळ आव्हान आहे. पुढचा चाकू हातात आला की जंगलात जाऊ नका. ऑक्टोबरात परभणी जिल्ह्यात या, मजुरीला माणसं कुठंही कमीच पडतात. एका हातात तुमचं पातं, शेजारच्या सरीत घिसाड्याचा विळा घेतलेली बाई. आठ दिवस. दोन्हींची किंमत, दोन्हींची धार, आणि दोघांना मिळालेली मजुरी व्हिडिओत दाखवा. व्ह्यूज कमी येतील. बाईला विचारून चित्रीकरण करा, आणि घिसाड्याला पैसे देताना घासाघीस करू नका.