वाघासाठी कॅमेरा, सफाई कामगारासाठी आगपेटी

परतवाड्याहून धारणीकडे निघालं की मेळघाट लागतो. तिथे वाघ मोजायला झाडांना कॅमेरा ट्रॅप बांधतात. वाघ जगलाच पाहिजे. आमचा प्रश्न घाटाखालच्या माणसाचा आहे. अचलपूर असो की अकोला, सेप्टिक टाकीत धोका आहे का, हे आजही कसं बघतात? झाकण उघडायचं, पेटती काडी आत टाकायची. विझली नाही? मग उतर!

काडी फार तर ऑक्सिजनचं सांगेल. हायड्रोजन सल्फाइडचं सांगत नाही, आणि मिथेन असला तर भडकाच उडतो. नाकाचाही भरवसा नाही. सडक्या अंड्यासारखा वास सुमारे १०० पीपीएमच्या पुढे कळेनासा होतो, कारण नाकच बधिर होतं. त्यात गाळ ढवळला की कोंडलेला वायू एकदम सुटतो. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो.

२०१३ च्या कायद्याखालच्या नियमांत चार वायूंचा मॉनिटर आहे. मग तो मागून गप्प बसायचं का? मित्रांनो, पळवाट कायद्यातच आहे. सुरक्षा साधनं न देता उतरवलं तरच ती 'धोकादायक सफाई'! म्हणजे कमरेला मॉनिटर लटकवला की ठेकेदार मोकळा. उतरणारा कोणत्या जातीचा, हे ओळखायला तर या देशात कुठलाच सेन्सर लागत नाही.

म्हणून आमचं म्हणणं, जाळं उलटं रचा. सेन्सर टाकीत आणि मेनहोलमध्ये बसवा. पातळी चढली की नगर परिषदेला संदेश, लगेच सक्शन गाडी रवाना. माणूस उतरायची वेळच येऊ नये. तिरुवनंतपुरममध्ये २०१८ सालीच बँडिकूट रोबो मेनहोल साफ करू लागला, तेव्हा तंत्रज्ञान नाही हे कोणी सांगू नये. आणि निर्णय कोणाचा? आकडा फक्त ठेकेदाराच्या मोबाइलवर जाणार असेल, तर 'पाच मिनिटांचं काम आहे, उतर' हेच ऐकू येणार. अलार्म वाजला की काम बंद. त्याची नोंद आपोआप व्हावी, कोणाला पुसता येऊ नये आणि कामगार संघटनेलाही दिसावी.

२० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. ती मेल्यानंतरची. जिवंतपणीचा हिशेब अचलपूर नगर परिषदेकडे माहिती अधिकारात मागा: सक्शन गाड्या किती, त्यातल्या चालू किती, वायू मॉनिटर किती, त्यांचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं. शहरातल्या सीसीटीव्हीवर किती खर्च झाला, तेही त्याच अर्जात विचारा.