नंबर ज्याचा, धंदा त्याचा

तुमचं इन्स्टा उघडा आणि जरा स्क्रोल करा. मेंदी काढणारी, केक करणारी, ऑक्सिडाइज्ड दागिने विकणारी, गणपतीचं डेकोरेशन भाड्याने देणारा, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेणारी... तुमच्याच वर्गातल्या नाहीतर सोसायटीतल्या मुलामुलींची चार-पाच पेजेस सहज सापडतील. नाव झकास, लोगो झकास, फोटो तर एकदम प्रो. खाली 'ऑर्डरसाठी संपर्क' आणि दहा आकडी नंबर. हा नंबर कुणाचा, असं विचारून बघा. उत्तर बहुतेकदा दोनच असतात. 'माझाच की, शाळेपासूनचा,' किंवा 'दादाचा दिलाय.'

लोगोवर आपण आठवडा घालवतो, नंबरवर दोन मिनिटंही नाही. खरं तर लोगो कधीही बदलता येतो. नंबर एकदा लोकांच्या फोनमध्ये सेव्ह झाला, बॉक्सवर छापला गेला की बदलणं महाग पडतं. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. धंद्याचा नंबर वेगळा हवा, पहिल्या दिवसापासून हवा आणि ज्याचा धंदा त्याच्याच नावावर हवा.

आधी वेगळा का, ते बघू. तुमच्या रोजच्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात, आधार त्याला जोडलेलं असतं, कॉलेजचे ग्रुप, आत्याबाईंचे गुड मॉर्निंग, सगळं तिथेच. तोच नंबर तुम्ही शंभर अनोळखी लोकांना वाटता. मग परीक्षेच्या आदल्या रात्री 'अर्धा किलोचा रेट काय?' असं कुणी विचारलं तर त्याचा काय दोष? त्याच्यासाठी ते दुकानच आहे. त्या दुकानाला शटर लावलं नाही तुम्ही.

मुलींच्या बाबतीत हे शटर आणखी महत्त्वाचं. पेजवर नंबर टाकला की ऑर्डरींसोबत 'हाय डिअर', 'डीपी छान आहे' हेही सुरू होतं. घरात कळलं की पहिला सल्ला येतो, 'बंद कर ते सगळं.' दुसरा येतो, 'दादाचा नंबर दे.' दोन्ही सल्ले काळजीपोटीच येतात, मान्य. पण दोन्हींत धंदा मुलीच्या हातून जातो. दादाच्या फोनवर ऑर्डर येते, दादा मॅचमध्ये. 'ती नाहीये, नंतर करा,' म्हणून ठेवून देतो. केक तिचा, मेहनत तिची आणि ग्राहक मात्र त्याच्या फोनमध्ये. उद्या ती लग्न होऊन किंवा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तर बरोबर काय नेणार? केकचे साचे?

इथेच 'नावावर' हा मुद्दा येतो. सिम कुणाच्या कागदपत्रांवर घेतलंय, तो कंपनीच्या लेखी नंबरचा मालक. फोन हरवला, डुप्लिकेट सिम हवं, तर त्यालाच दुकानात जावं लागतं. पार्टनरशिपमध्ये धंदा करणाऱ्या मित्रांनी तर हे आधीच बोलून घ्यावं. भांडण झाल्यावर पैसे वाटून घेता येतात, नंबर अर्धा-अर्धा करता येत नाही. सिम दुसऱ्याच्या नावावर करून घेता येतं, पण त्याला आताच्या मालकाची संमती लागते. ती गोडीत असतानाच मिळते.

'पण दुसऱ्या सिमचा खर्च कोण करणार?' रास्त प्रश्न आहे. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले, तेव्हापासून घराघरात दुसरी सिम बंद झाली. तरी महिन्याचे साधारण दोनशे रुपये हा धंद्याचा खर्चच धरा, जसा बॉक्स आणि रिबिनीचा धरता. तेवढेही सुटत नसतील तर नंबरपेक्षा तुमचा रेट तपासायची गरज आहे. हंगाम संपला म्हणून सिम खणात टाकून मात्र देऊ नका. सलग ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. मग पुढच्या दिवाळीत तुमच्या चकलीची ऑर्डर भलताच माणूस उचलणार. रेंजचा त्रास असेल तर नंबर सोडायची गरज नाही. २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते.

नंबर निवडताना व्हीआयपी नंबरच्या मागे लागू नका. आकड्यांची बेरीज किती येते यापेक्षा तो सांगायला सोपा आहे का, ते बघा. मराठीत तर ही मोठीच गंमत आहे. आपण 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी बोलतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा वाद झाला होता! फोनवर 'एकोणऐंशी' म्हटलं की आपल्या पिढीतले निम्मे लोक ६९ लिहितील आणि उरलेले ८९. म्हणून दुकानदार दाखवेल त्या नंबरांतला एकेक आजीला एकदाच सांगून लिहायला लावा. तिने बरोबर लिहिला तो घ्या.

आता जोडणी. आजकाल बहुतेक फोनमध्ये दोन सिम चालतात. २०१८ मध्ये आलेलं व्हॉट्सअॅप बिझनेस वेगळं अॅप आहे, त्यामुळे घरचं आणि धंद्याचं व्हॉट्सअॅप एकाच फोनवर राहतं. ते नव्या नंबरवर सुरू करा. डीपीला स्वतःचा चेहरा नको, लोगो लावा. कामाची वेळ लिहा. रात्री आठनंतर आपोआप जाणारा मेसेज ठेवा: 'तुमचा मेसेज मिळाला, उद्या सकाळी दहानंतर उत्तर देते.' ग्राहक रागावत नाही, उत्तर कधी मिळणार हे त्याला कळलं की पुरे. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच टाका आणि आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. अकाउंट गेलं तर सगळे ग्राहक गेले. बाबांच्या दुकानात लँडलाइन असेल तर तिच्यावरही हे अॅप सुरू होतं, कोड कॉलवर ऐकू येतो.

जुना नंबर आधीच सगळीकडे वाटून झालाय? मग उलटं करा. तो धंद्याला देऊन टाका आणि घरासाठी नवा घ्या. तीनशे ग्राहकांना नवा नंबर कळवण्यापेक्षा तीस नातेवाइकांना कळवणं सोपं. फक्त बँक आणि आधारला नवा नंबर जोडून होईपर्यंत जुन्याचं सिम जपून ठेवा.

आणि आज एक काम नक्की करा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन तुमच्या नावावर कोणकोणती सिम आहेत ते बघा. ज्या नंबरवर तुमच्या ऑर्डरी येतात तो त्या यादीत नसेल, तर दादाशी, बाबांशी किंवा पार्टनरशी आज जेवतानाच बोला. धंदा लहान आहे तोवर हे बोलणंही लहानच असतं.