क्रोमचें विष व सूक्ष्म जंतु

तामिळनाडूंतील राणीपेट येथील क्रोमेटचा कारखाना १९९५ च्या सुमारास बंद पडला. पण मागें राहिलेल्या सुमारें १.५ लाख टन गाळानें तेथील भूजल नासलें. अशा ठिकाणीं कांहीं जातींचे सूक्ष्म जंतु, मळीसारखें खाद्य मिळाल्यास, पाण्यांत विरघळणारें विषारी क्रोमियम पालटून बहुतांशीं न विरघळणारें व सौम्य करितात. उपाय खरा आहे. परंतु धातु जमिनींतच राहतो. फेरफारांत खातेदाराचें नांव पालटलें तरी क्षेत्र तेवढेंच राहतें, तसाच हा प्रकार. मातींतील मँगनीजच्या योगानें तो पुनः विषारीहि होऊं शकतो.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, ही शुद्धि कारखान्याच्या आवारांतच व त्याच्याच खर्चानें व्हावी. सांडपाणी फुकट मिळतें म्हणून शेतकरी बंधूंनीं तें तपासणीवांचून पाटास लावूं नये. एकदां नासलेली जमीन सारामाफीनें परत मिळत नाहीं.